गोदी घरी येते तो अंक

शिरूर, ९ फेब्रुवारी १९५८

ताई,

तुला, दाजींना आणि लुदीला शलमोनचा सलाम.

आधी लुदीच्या तक्रारीचा निकाल देतो. जानेवारीच्या ‘रावा’ मासिकात माझ्या चित्रमालेतल्या गोदीच्या एका वेणीला रिबीन नाही, हे तिनं बरोबर पकडलं. मी काढली होती गं, पुण्यात छपाईचा ब्लॉक करताना ती उडाली. गोदीचा चेहरा तुझ्या लेकीवरून घेतला, पडका दात घेतला, भुवईवरची खोकसुद्धा घेतली. पण ती इतकी कडक मालकीण निघेल असं वाटलं नव्हतं. तिला म्हणावं, मामा कान धरून उभा आहे.

आता बातमी. परवा आनंदराव संपादक स्वतः एस.टी.नं शिरूरला आले. मिशनच्या शाळेत माझा ड्रॉइंगचा वर्ग चालू होता, ते शेवटच्या बाकावर बसून राहिले. पोरांना वाटलं इन्स्पेक्टर आले, सगळी चिडीचूप. नंतर चहा पिताना म्हणाले, "मास्तर, मेच्या अंकात गोदीला घरी आणू नका." माझा बेत तुला ठाऊक आहे. वडगाव रासाईची पोर हरवलेलं करडू शोधायला निघते, दर महिन्याला एक गाव, आणि बाराव्या महिन्यात करडू घेऊन घरी. पण नागपूरपासून बेळगावपर्यंतचे एजंट गोदीलाच विचारतात म्हणे. तिला दिवाळीपर्यंत हिंडू द्या, असा त्यांचा आग्रह.

शिवाय एका बिस्किटवाल्यानं तिच्या पानामागची जाहिरात वर्षभरासाठी घेतली आहे. गोदीनं वाटेत कुठंतरी बिस्किट खावं अशी त्याची इच्छा. मी म्हटलं, करडूही खाईल. तर म्हणाले, करडानं खाल्लं तर गिऱ्हाईक बिथरेल.

मी हो म्हटलं. खरं सांगतो, मला फार आनंद झाला. माझ्या चित्रासाठी आजवर कुणी एस.टी.चं तिकीट काढलं नव्हतं.

तुझा,
शलमोन


दौंड, ३ मार्च १९५८

प्रिय शलमोन,

तुझं पत्र लुदीनं तीनतीनदा वाचून घेतलं. कान धरल्याचं चित्र काढून पाठव म्हणते, नुसतं लिहून चालणार नाही.

ती सध्या अंथरुणाला आहे. थंडीत घसा धरला होता, तो बरा झाला आणि मग सांधे दुखायला लागले. आज गुडघा सुजतो, उद्या मनगट. रेल्वेच्या दवाखान्यातले डॉक्टर सांधेताप म्हणतात. शाळा बंद आहे. त्यामुळं दिवसभर ‘रावा’चे जुने अंक उशाशी, आणि मला एका जागी बसू न देणं, हे दोन उद्योग.

मार्चचा अंक आला आणि गोदी मांडवगणच्या बाजारातच! तुझे दाजी ड्यूटीवरून आले, कोळशाचे हात धुऊन त्यांनी पान पाहिलं आणि म्हणाले, "आरं, आमचं इंजन बी एवढं शंटिंग करत न्हाई." लुदी मात्र हसली नाही. मला म्हणाली, "आये, गोदीची आई काय करत आसंल गं? तिला कुनी सांगितलं का, पोरगी बरी हाय म्हनून?" मी म्हटलं, मामाला विचारते. तेव्हा विचारते आहे.

शेजारची धुरपदा रोज तिच्यासाठी गाईचं दूध आणते आणि गोदी कुठवर आली ते ऐकून जाते. तिला वाचता येत नाही, पण करडू कुणी चोरलं याबद्दल तिचं मत पक्कं आहे. ती बिस्किटवाल्यावर संशय घेते.

तुझी,
ताई


शिरूर, १५ मार्च १९५८

ताई,

कान धरलेला मामा सोबत आहे. नाक जरा मोठं आलं आहे, पण ते खऱ्यातही आहे.

लुदीला सांग, गोदी दिवाळीला घरी येणार. हे गुपित तिच्याकडे ठेवायला देतो. फक्त तिनं धीर धरावा, कारण मी आज काढतो ते तुमच्या हातात तिसऱ्या महिन्यात पडतं. आधी ब्लॉक, मग छपाई, मग बांधणी. मधल्या मध्ये आनंदराव काय बदलतील तेही सांगता येत नाही. मागं मी गोदीला ओढ्याकाठी निवांत झोपवली होती. छापून आली तेव्हा तिच्या उशाशी वाघ उभा! दुसऱ्या कुणाच्या हातचा वाघ, तोही मांजराच्या तोंडाचा. महिन्याच्या शेवटी वाचकाचा जीव टांगला पाहिजे, असा त्यांचा नियम आहे.

म्हणून लुदीला म्हणावं, मामाच्या टेबलावरच्या कागदावर विश्वास ठेवू नको. मामा काय, रोज दहा चित्रं काढतो आणि फाडतो. ‘रावा’त छापून येईल तेवढंच खरं.

सांध्यांना शेक देता का? मला डॉक्टर काय म्हणतात ते कळव.

शलमोन


दौंड, १९ जून १९५८

प्रिय शलमोन,

मे महिन्यात तुला लिहिलं नाही, कारण काय लिहावं ते कळत नव्हतं. ताप काळजात उतरला आहे. डॉक्टरांनी आम्हाला बाहेर बोलावून सांगितलं, काळजाची झडप बिघडली आहे. मोठ्या दवाखान्यात नेऊन आणलं, तिथंही तेच म्हणाले. तिला चालवू नका, रडवू नका, जिना तर नकोच. रात्री उशा रचून बसती निजवावी लागते. दाजी तिच्यासमोर थट्टा करतात आणि लोको शेडमध्ये जाऊन रडतात, हे मला शेडमधल्या माणसांकडून कळलं.

तुला मी कधी काही मागितलं नाही. आता मागते. गोदीला लवकर घरी आण. जूनच्या अंकात ती विहिरीत पडली तेव्हापासून लुदी जेवत नाही नीट. रोज विचारते, "दिवाळी कवा हाय?" मी बोटं मोजून सांगते आणि मला माझ्याच बोटांची भीती वाटते. दिवाळीपर्यंत थांबता येईल की नाही, मला माहीत नाही रे.

ताई


शिरूर, २३ जून १९५८

आदरणीय आनंदराव,

सप्रेम नमस्कार. आजवर तुम्ही सांगितलेला प्रत्येक बदल मी केला, विहीरसुद्धा. आज एक विनंती आहे. ज्या मुलीवरून गोदी काढली ती माझी भाची फार आजारी आहे. पुढच्या अंकात गोदीला घरी येऊ द्या. पान मी लगेच काढून स्वतः पुण्याला घेऊन येतो. नंतर तुम्ही म्हणाल ती नवी चित्रमाला काढून देईन, मोबदल्याबद्दल एक शब्द बोलणार नाही.

आपला,
शलमोन


पुणे, १ जुलै १९५८

प्रिय मास्तर,

पत्र वाचून वाईट वाटलं. माझ्याही घरात पोरंबाळं आहेत, मी काही दगड नव्हे. पण तुम्हाला फसवत नाही. जुलैचा अंक बांधून झाला, ऑगस्ट मशीनवर आहे, सप्टेंबरचे ब्लॉक तयार आहेत. आता मोडायचं म्हटलं तर कागद कुठून आणू?

आणि आणखी एक गोष्ट आज ना उद्या सांगावीच लागणार होती. दिवाळीतही गोदीला घरी आणता येणार नाही. जानेवारीत बहुतेक वर्गणीदार नव्यानं पैसे भरतात. ते गोदीसाठी भरतात. गोदी घरी आली की ‘रावा’ही घरी बसला, मग छापखान्यातली माणसंही घरी बसली. दिवाळी अंकात तिला घोड नदीच्या पुरात अडकवा, झाडावर ठेवा. बाकी माझी प्रार्थना तुमच्या भाचीसाठी आहे.

आपला,
आनंदराव


शिरूर, ९ ऑगस्ट १९५८

ताई,

संपादकांना दोनदा लिहिलं, एकदा पुण्याला जाऊनही आलो. ते ऐकत नाहीत. त्यांना शिव्या देऊन काय करू? हो मीच म्हटलं होतं.

म्हणून शेवटचं पान मी लुदीसाठीच काढलं आहे. सोबत पुठ्ठ्यात घालून पाठवतो. ‘रावा’त दोनच रंग असतात, यात सगळे आहेत. गोदी करडू काखेत मारून दारात उभी आहे, दोन्ही वेण्यांना रिबिनी आहेत, मी दोनदा पाहिल्या. आई भाकरी टाकून पिठाच्या हातांनी धावत आली आहे. आईचा चेहरा तुझा आहे. करडू तिच्या पदराला तोंड लावतं आहे. खाली लिहिलं आहे, ‘गोदी घरी आली.’

हे जगात दुसऱ्या कुणाकडे नाही, असं तिला सांग. शाळेतून सुट्टी मिळाली की मी येतोच.

शलमोन


दौंड, ३१ ऑगस्ट १९५८

प्रिय शलमोन,

तू मातीला आलास तेव्हा आपलं बोलणं झालं नाही. तू नुसता भिंतीला टेकून बसला होतास.

तुझं पान तिनं पाहिलं. तिला फार आवडलं. उशाखाली घेऊन निजली होती. तू जिवाला लावून घेऊ नकोस.

पाळक साहेब प्रार्थनेत म्हणाले, लुदी घरी गेली. मी मान हलवली. पण शलमोन, घर तर हे आहे.

ताई


दौंड, १२ नोव्हेंबर १९५८

प्रिय शलमोन,

दिवाळी अंक तिच्या नावानं आला. पोस्टमननं बाहेरूनच हाक मारली, "लुदियाबाई, तुमचा रावा!" दर महिन्याला तो तशीच हाक मारायचा. त्याला कुणी सांगितलं नव्हतं. दाजींनी पुढं होऊन अंक घेतला आणि त्याला पाणी दिलं.

मी पान उघडलं. गोदी पुरात झाडावर बसली आहे, भिजलेली, आणि ओरडते आहे, ‘आई!’ खाली ‘पुढं काय होईल?’

हे तू कधी काढलंस ते मला ठाऊक आहे, तेव्हा लुदी होती. मी तुला दोष देत नाही. पण माझ्याच्यानं पाहवत नाही. दर महिन्याला माझी पोर कुठल्यातरी संकटात टाकायची, आणि तिच्या पाठीवर बिस्किटं विकायची! बंद कर रे हे. माझ्यासाठी बंद कर.

ताई


शिरूर, २० डिसेंबर १९५८

ताई,

बंद केलं. मी आनंदरावांना लिहिलं की शेवटचं पान छापा, नाहीतर माझं नाव काढा. त्यांनी नाव काढलं. गोदी हे नाव मासिकाचं आहे म्हणे, काढणारा कुणी असो. पुण्याचा कोणी तरुण चित्रकार जानेवारीपासून काढणार आहे.

मला वाटलं होतं मी थांबलो की ती थांबेल. इतकी वर्षं मासिकांची कामं करून एवढीही अक्कल आली नाही.

वर्गणी संपेपर्यंत अंक येत राहतील. पोस्टमनला सांगून परत पाठव. नाताळाला दोघंही इकडं या. तुझ्या भावजयीनं, मरियमनं, तुमची खोली सारवून ठेवली आहे; ती म्हणते, ताई आल्याशिवाय करंजीला हात लावणार नाही.

शलमोन


दौंड, ६ जुलै १९५९

प्रिय शलमोन,

मी अंक परत पाठवले नाहीत. तुला सांगितलं नाही, पण दर महिन्याला घेत होते. पाहायचं नाही असं ठरवून ट्रंकेत टाकायची आणि दुपारी काढून पाहायची.

जानेवारीत त्या मुलानं तुझ्यावरून काढलं होतं, बऱ्यापैकी जमलं होतं. मार्चमध्ये भुवईवरची खोक गेली. मे महिन्यात दात भरला. आता जुलैच्या अंकात गोल गाल, मोठे डोळे, ओठ रंगवल्यासारखे. धुरपदाला दाखवलं. ती म्हणाली, "बाई, ही कुनाची पोर हाय?" शलमोन, मीच तुला बंद करायला लावलं. मला वाटलं होतं तिचं ओरडणं बंद होईल. बंद झाला तो तिचा चेहरा. आपल्याकडे तिचा एकच फोटो, तोही शाळेच्या गटातला, नखाएवढा.

आता जे सांगते ते ऐकून घे. तुझं पान आलं तेव्हा ती शुद्धीत होती. तिनं ते दोन्ही हातांनी धरलं, रंगांवरून बोट फिरवलं. मग उलटून पाहिलं. मला म्हणाली, "आये, पाठ कोरी हाय." मी म्हटलं, मग काय झालं? तर म्हणाली, "बिस्किट न्हाई मागं. हे मामानं माझ्यासाठी काढलंय. छापून येईल तवा खरं, मामानंच सांगितलंय." मी शपथ घेऊन सांगितलं, हेच खरं आहे. तिनं माझ्याकडे असं पाहिलं, जसं मोठी माणसं लहान पोराकडे पाहतात. म्हणाली, "तू रडू नगंस. दिवाळीला येईल ती." आणि पान मला परत दिलं. उशाखाली ते मी ठेवलं, तिनं नाही.

तेव्हा तुला हे लिहवलं नाही. तू आधीच भिंतीला टेकला होतास. आताही लिहिलं नसतं, पण मला तुझ्याकडून काम हवं आहे. ते पान सोबत परत पाठवते आहे. कडेला औषधाचा डाग पडला आहे, तो पुसू नकोस, जमलं तर झाक. हे छापून आण. कसंही कर, कुणाच्याही पाया पड, पण ‘रावा’त छापून आण. तिला मी दिवाळीचा शब्द दिला होता. कोणती दिवाळी ते तिनं विचारलं नव्हतं.

ताई


पुणे, ४ ऑगस्ट १९५९

प्रिय मास्तर,

परवा तुम्ही येऊन गेलात, त्यानंतर दोन दिवस माझं कामात लक्ष लागलं नाही. गोदीला तुमच्या हाताशिवाय गती नाही, हे एजंटांच्या पत्रांवरून मलाही दिसतं आहे. तेव्हा बोलणं झालं त्याप्रमाणे कागदावर देतो.

पान दिवाळी अंकात जसंच्या तसं येईल. सगळे रंग परवडणार नाहीत, पण मी तीन देतो. त्याच्या बदल्यात जानेवारीपासून तुम्ही पुन्हा गोदी काढायची, तीन वर्षं, मध्ये सोडायची नाही. आणि पानाच्या तळाशी एक ओळ मी घालणार. ती घातली नाही तर वाचक समजतील की संपलं. तेवढं मला करू द्या.

आपला,
आनंदराव


शिरूर, ५ ऑक्टोबर १९५९

ताई,

दिवाळी अंकात पान येत आहे. गोदी पुन्हा मीच काढणार आहे, त्याबद्दल आत्ता काही विचारू नकोस. डाग झाकला, करडाच्या अंगावरचा ठिपका केला.

या वेळी ब्लॉक लगेच झाला. गेल्या वर्षी नव्हता तो कागदही मिळाला. ते पाहून मी छापखान्याच्या पायरीवर बसून राहिलो.

‘छापून येईल तेवढंच खरं’ हे वाक्य तिला मीच सांगितलं होतं, ताई. थट्टेत सांगितलं होतं.

शलमोन


दौंड, ८ नोव्हेंबर १९५९

प्रिय शलमोन,

अंक आला. आता पोस्टमन हाक मारत नाही, कडी वाजवतो आणि हातात देतो.

आम्ही दोघं तसेच कबरस्थानात गेलो. दाजींनी गवत उपटलं, मी खाली बसले आणि पान उघडलं. तीन रंगांत फार चांगलं दिसतं रे. दात पडका आहे. खोक आहे. दोन्ही रिबिनी आल्या आहेत, या वेळी एकही उडाली नाही. मी तिला सगळं वाचून दाखवलं, अगदी पान नंबरासकट. मग उलटून मागची बाजू दाखवली. मागं बिस्किटं आहेत. मी म्हटलं, बघ लुदे, पाठ कोरी नाही. दाजी म्हणाले, "झालं बाई, लागली गाडी फलाटाला." आणि पुन्हा गवत उपटायला लागले.

तळाशी ओळ होती. ‘पण गोदीचं करडू पुन्हा पळालं! जानेवारीच्या अंकात गोदी पुन्हा वाटेला!’ तू काय देऊन हे पान आणलंस ते मला तेव्हा कळलं. तीन वर्षं की पाच, तू सांगू नकोस. तू शब्द दिला आहेस, तो पाळ. तिला चांगलं काढ, फार वेळ उपाशी ठेवू नकोस, आणि विहिरीत पुन्हा टाकू नकोस.

मी मात्र ‘रावा’ला वर्गणी बंद केल्याचं कार्ड टाकलं आहे. घरी येऊन ती ओळ मी कात्रीनं कापली. मागची दोनचार बिस्किटं गेली, पण पुष्कळ उरली आहेत. आता पानावर शेवटी एवढंच आहे, गोदी घरी आली. मी तिला पुन्हा बाहेर सोडणार नाही.

तुझी,
ताई